सालीला उकिरडा कशाला?

सोनईत मुळा सहकारी साखर कारखाना आहे. गाळलेल्या उसाच्या चिपाडाला कचरा म्हणणारा माणूस या गावात सापडणार नाही. शंभर किलो ऊस गाळला की साधारण तीस किलो बगॅस म्हणजे चिपाड आणि चार किलो मळी उरते. बगॅस बॉयलरमध्ये जाते, मळीचे अल्कोहोल होते, रस गाळून उरलेला प्रेसमड शेतात पडतो. हाच हिशेब डाळिंबाला लावा म्हटले, की मात्र कपाळाला आठ्या पडतात. भगवा, मृदुला हे वाण शेजारच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे. त्यांचे दाणे काढले, रस गाळला, की फळाचे जवळपास अर्धे वजन सालीत उरते. ढिगात टाकलेली ओली साल लवकरच काळी पडते, आंबते आणि उकिरड्यावर जाते. तिच्यातले पेक्टिन आणि प्युनिकॅलॅजिनसारखी तुरट संयुगेही तिच्याबरोबर जातात.

सालीचा अर्क काढून तो खाण्यात वापरावा म्हटले, की पहिला आक्षेप येतो असा, की टाकाऊ माल माणसांना कशाला खाऊ घालायचा? पण कोकणात कोकमाच्या बियांपासून मुठेल हे खाद्यतेल पिढ्यान्‌पिढ्या निघत आले आहे. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये मर्यादित प्रमाणात चालणाऱ्या वनस्पतिज मेदांची यादी केली, तीत कोकमाचा मेदही आहे. द्राक्षाच्या सालीतला रंग इटलीत १८७९पासून विकला जातो. तेव्हा उरलेला भाग खाण्याजोगा आहे की नाही हे त्यातल्या घटकांवर आणि स्वच्छतेवर ठरते, नावावर नव्हे. दुसरा आक्षेप असा, की सालीचे खतच बरे. मुद्दा रास्त आहे, पण खत आणि अर्क यांत वैर नाही. पेक्टिन व तुरट संयुगे मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची बनलेली असतात. म्हणजे त्यांच्याबरोबर खतातले नत्र फारसे जात नाही, आणि अर्क काढल्यावर उरणारा चोथा कंपोस्टला मोकळाच राहतो.

फवारणीच्या अवशेषांचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. धुण्याने वरवरचे औषध जाते, आत शिरलेले राहते आणि अर्क घट्ट करताना तेही घट्ट होऊ शकते. म्हणून फवारणीची नोंद असलेल्या बागांचीच साल घ्यावी आणि प्रत्येक लॉट तपासावा. जी साल यात बसणार नाही, ती या कामासाठी नाहीच.

राहिला परवडण्याचा प्रश्न. सालीत बहुतांश पाणीच असते, ती वाळवण्यातच पैसा जिरतो आणि एकट्या उद्योजकाचे कंबरडे मोडते. पण मृग बहराची फळे गाळप हंगामातच उतरतात. त्या काळात कारखान्यात वाफ असते आणि अर्क काढायला लागणारे अल्कोहोल मळीतूनच येते. साल मात्र ओली असतानाच तिथवर पोचली पाहिजे; म्हणून दाणे काढण्याचे केंद्र कारखान्याजवळ हवे. उसाचे चिपाड कचरा ठरले नाही, कारण ते निघते तिथेच बॉयलर होता. डाळिंबाच्या सालीचे घोडे अडले आहे ते त्या बॉयलरपर्यंतच्या अंतरावर.