पाण्याच्या योजना उभ्या राहिल्या. माणसे कोठे आहेत?

पदवीच्या वर्गात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना 'पुढे काय करणार?' असा प्रश्न विचारण्याची सवय प्रस्तुत लेखकाला गेली अठरा वर्षे आहे. उत्तरे बहुधा ठरलेली असतात. काहींना राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची असते, काहींना पोलीस भरतीत उतरायचे असते, काहींना बँकेची नोकरी हवी असते. उरलेले गप्प बसतात. पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात जावे, अशी इच्छा एकानेही आजवर बोलून दाखविलेली नाही. आणि हे विद्यार्थी ज्या गावांतून येतात, तेथे उन्हाळ्यात टँकर कधी येणार ही घरोघरची पहिली चिंता असते! समाजाची निकडीची गरज आणि तरुणांची आकांक्षा यांत एवढे अंतर का पडावे, याचा विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तरी करावयास हवा.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात गुंतवणूक झाली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील सुमारे सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आज ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आहे. माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे. परंतु नळ बसला म्हणजे पाणी आले, असे नव्हे. टाकी, पंप आणि नळवाहिनी ही झाली मालमत्ता. पाणी ही सेवा आहे आणि सेवा माणसे देतात. महाराष्ट्रातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींत ही सेवा कोण देणार, या प्रश्नाकडे आपण जवळजवळ पाठच फिरविली आहे.

बांधणे सोपे, चालविणे अवघड

गेल्या उन्हाळ्यात एक माजी विद्यार्थी भेटला. कला शाखेचा पदवीधर. गावच्या ग्रामपंचायतीत पाण्याचे काम पाहतो. पंप चालू करणे, टाकी भरणे, आळीपाळीने व्हॉल्व्ह फिरविणे, टीसीएल पावडर टाकणे, फुटलेला पाइप जोडणे आणि वर पाणीपट्टीही मागणे, अशी चार माणसांची कामे तो एकटा करतो. भर मे महिन्यात मोटर जळाली आणि नऊ दिवस गाव कोरडे राहिले. तो म्हणाला, ''सर, आधी आठवडाभर मोटरचा आवाज बदलला होता. पण बेअरिंग गेले आहे, हे मला कळले नाही. मला ते कोणी शिकविलेच नव्हते.''

या एका वाक्यात सारा प्रश्न आला. बेअरिंगची किंमत ती काय? परंतु ते वेळीच न बदलल्याने मोटर नव्याने भरण्याचा खर्च आला, टँकरचा आला, आणि डोक्यावर हंडे घेऊन हिंडणाऱ्या स्त्रियांच्या बुडालेल्या रोजगाराचा तर हिशेबच कोणी ठेवला नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे, हा नियम ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती आपण गावाचे आरोग्य सोपवितो. २०१६ साली मिरजेहून लातूरला सुमारे साडेतीनशे किलोमीटर रेल्वेने पाणी न्यावे लागले, हा प्रसंग राज्याने विसरू नये. दुष्काळ निसर्गाचा असतो. टंचाईत मात्र व्यवस्थापनाचाही वाटा असतो.

परंपरा आहे, संस्थाही आहेत

पाण्याचे काम हलके, ही समजूत आपल्या परंपरेला धरून नाही. पांझरा आणि मोसम या नद्यांच्या खोऱ्यांतील फड पद्धतीत पाटकरी, बारेकरी, जागल्या यांची कामे नेमून दिलेली होती आणि त्यांचा मोबदला गाव देत असे. पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्या यांनी योजलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसली. जलविद्युत संशोधनाचे केंद्र पुण्यात १९१६ पासून, 'मेरी' नाशिकला १९५९ पासून आणि 'वाल्मी' औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९८० पासून आहे. देशातील मोठ्या धरणांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. या क्षेत्राची ओळख करून घ्यायला आपल्या मुलांना दूर कोठे जावयास नको.

शिवाय हे क्षेत्र केवळ अभियंत्यांचे नाही. दहावी झालेल्या मुलाला आयटीआयमध्ये नळकाम किंवा पंपचालकाचा अभ्यासक्रम आहे. रसायनशास्त्राच्या पदवीधराला पाणी तपासणीची प्रयोगशाळा आहे, भूशास्त्राच्या पदवीधराला भूजल सर्वेक्षण आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आल्यापासून पाण्याचे दर ठरविणे हाही अभ्यासाचा विषय झाला आहे. तेथे आणि पाणीवापर संस्थांच्या हिशेबात वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाव आहे. सांडपाण्याचे क्षेत्र तर अद्याप मोकळेच पडले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण जेमतेम २० हजार दशलक्ष लिटरचे होत होते. ही दरी भरून काढावयाची तर यंत्रांइतकीच प्रशिक्षित माणसे लागतील.

आधी वेतन, मग मार्गदर्शन

मात्र केवळ मार्गदर्शन मेळावे भरवून मुले या क्षेत्राकडे वळतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तरुण मूर्ख नसतात. गावातील जलसुरक्षकाला तुटपुंजे मानधन मिळते आणि शहरातील पंपचालक वर्षानुवर्षे कंत्राटावर राहतो, हे ते डोळ्यांनी पाहतात. गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. तरी मृत्यू थांबले नाहीत आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूंसाठी भरपाईची रक्कम ३० लाख रुपयांपर्यंत वाढवावी लागली. ही कामे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्याच वाट्याला आली, हेही सांगितले पाहिजे. असे असताना या क्षेत्राची शिफारस आपण मुलांना कोणत्या तोंडाने करावयाची?

म्हणून क्रम उलटा हवा. पहिली गोष्ट, आठ-दहा गावांच्या गटासाठी एक प्रशिक्षित तंत्रज्ञ पूर्ण वेतनावर नेमावा. एका ग्रामपंचायतीला हा भार पेलणार नाही, गटाला पेलेल. दुसरी, केंद्राचा 'नल जल मित्र' प्रशिक्षण कार्यक्रम प्रमाणपत्रावर न थांबता त्यापुढे नेमणुकीची हमी असावी. तिसरी, महानगरपालिकांच्या शुद्धीकरण केंद्रांत आयटीआयच्या मुलामुलींना उमेदवारी मिळावी. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पाणी तपासण्यासाठी गावोगाव पाच स्त्रियांना शिकविण्याचे धोरण आहे. मग पंपघराची किल्ली पुरुषाकडेच का?

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर पाणीपट्टीत आहे. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखविले. खात्रीची सेवा मिळाली तर लोक पैसे देतात. टँकरवाल्याला ते आजही देतातच. गरीब कुटुंबांना सवलत अवश्य द्यावी, पण सर्वांना स्वस्त आणि कोणालाच वेळेवर नाही, हा समाजवाद नव्हे.

तो माजी विद्यार्थी अजूनही त्याच कामावर आहे. मोटर दुरुस्तीचे शिक्षण घ्यावयाची त्याची तयारी आहे. मात्र त्या काळात गावाचे पाणी कोण सोडणार, हे त्याला कळत नाही. त्याच्या या अडचणीचे उत्तर ज्या दिवशी शासन आणि ग्रामपंचायती देतील, त्या दिवशी पुढच्या तुकडीला या क्षेत्राची ओळख करून देण्याचा अधिकार आम्हा शिक्षकांना प्राप्त होईल.