शस्त्रक्रिया मोफत, चालणे स्वखर्चाने



फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावावे की नाही, यावरची पत्रे वाचली. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी ‘लावू नये’ असे कळवले आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतले. तेव्हापासून दोन्ही बाजू हातघाईवर आहेत. मला त्या पाटीचे सोयरसुतक नाही. पाटीमागचा माणूस तालुक्यात मिळत नाही, हे माझे दुखणे आहे.

माझी आई ७४ वर्षांची. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला. आयुष्मान कार्डावर शस्त्रक्रिया झाली, खिशातून पैसा गेला नाही. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ होती : ‘फिजिओ चालू ठेवणे’. कुठे, कोणाकडून, किती दिवस, याचा पत्ता नाही. योजनेत घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. एवढ्या दिवसांत आई वॉकर धरून जेमतेम संडासापर्यंत पोचली होती.

शेवटी एक खासगी फिजिओथेरपिस्ट बाई घरी येऊ लागल्या, फेरीला ४०० रुपये. त्यांनी एकदाही मशीन लावले नाही. ‘मग पैसे कसले घेतात?’ असे शेजारी विचारत. खाटेवरून हातांवर भार देऊन कसे उठायचे, पायरी चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा, हे त्यांनी आईकडून रोज घोटून घेतले. एके दिवशी पोटरी सुजलेली आणि गरम लागली, तेव्हा व्यायाम थांबवून त्याच दुपारी आम्हाला सर्जनकडे पिटाळले. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ‘मालिशवाल्यांना’ निदानातले काय कळते, असे लिहिणाऱ्या पत्रलेखकांसाठी हे मुद्दाम सांगितले. दीड महिन्याने आमचे पैसे संपले आणि बाईंचे येणेही.

मुंबईत पोलिओने मुले लुळी पडत होती, तेव्हा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला के. ई. एम. रुग्णालयात देशातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय निघाले. जीव वाचवणे वेगळे आणि चालते करणे वेगळे, हे त्या काळच्या सरकारला उमगले होते. पोलिओ गेला, आता खुबे, गुडघे आणि अर्धांगवायू आहेत. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच पुढच्या तीन महिन्यांच्या फेऱ्यांचे पैसे धरावेत आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद भरावे. खोट्या फेऱ्या दाखवून बिले लावली जातील, ही भीती खरी आहे. पण ती शस्त्रक्रियांबाबतही आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रिया कोणी बंद केल्या नाहीत.

जिल्हा रुग्णालयात ही सोय आहे, असे उत्तर येईल. ते आमच्यापासून ४२ किलोमीटरवर आहे आणि एसटीची पायरी आईला अजून चढता येत नाही.

— एक वाचक