काच दिसते एक, असते निराळी

पुण्यातील जैन घरांत ओव्हन आता नवा राहिलेला नाही. बाहेरच्या केकमध्ये अंडे नसेलच याची खात्री नसते. त्यापेक्षा मैदा, दही आणि सोडा घेऊन घरीच केक भाजणे अनेक गृहिणींना बरे वाटते. अशा वेळी केकचा डबा हाताशी नसला, की नजर मांडणीवरच्या काचेच्या वाडग्याकडे जाते. काचेची भांडी ओव्हनमध्ये चालतात, असे ऐकलेले असते. मग हा वाडगा का चालू नये? प्रश्न साधा दिसतो. उत्तर चुकले, तर मात्र तापलेल्या काचेचे तुकडे हातापायांवर किंवा अन्नात येतात.

काच उष्णतेने फुटते, हा समज अपुरा आहे. केक 180 अंशांच्या आसपास भाजला जातो आणि साधी काच मऊ पडण्यास साडेपाचशे अंशांहून अधिक उष्णता लागते. काच फुटते ती तापमानातील अचानक फरकाने. काचेतून उष्णता सावकाश पसरते. त्यामुळे एक बाजू तापून प्रसरण पावते, दुसरी थंडच राहते आणि मधल्या मध्ये ताण निर्माण होतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. त्यातच घासणीचा एखादा ओरखडा असेल, तर तडा तेथूनच सुरू होतो. म्हणूनच ‘जाड काच मजबूत’ हा समजही येथे फसवा ठरतो. काच जितकी जाड, तितका आतील व बाहेरील तापमानातील फरक अधिक.

पुणे जिल्ह्याचा काचेशी जुना संबंध आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि 1908 मध्ये ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. पेले, बरण्या, बाटल्या अशी रोजच्या वापरातील काच सर्वत्र वाळू, सोडा आणि चुना यांच्या रसातूनच घडते. हीच साधी, म्हणजे सोडा-लाइम काच.

आच सोसणाऱ्या काचेत बोरॉनचे संयुग मिसळलेले असते. जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती विकसित केली. पुढे अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीतील शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी 1913 मध्ये कापलेल्या बॅटरीच्या बरणीच्या तळात केक भाजून पाहिला. तो उत्तम झाला, आणि 1915 मध्ये पायरेक्स या नावाची भांडी बाजारात आली. दोन्ही काचांतील फरक मोजता येतो. एक मीटर लांबीची साधी काच 100 अंशांनी तापवली, तर सुमारे 0.9 मिलिमीटर वाढते. बोरोसिलिकेट काच केवळ 0.33 मिलिमीटर. वाढ कमी, म्हणून ताणही कमी.

हा फरक डोळ्यांना मात्र दिसत नाही. म्हणून भांड्याचा तळ आणि खोका वाचावा. ‘ओव्हनमध्ये वापरण्यास योग्य’ असा निर्मात्याचा स्पष्ट उल्लेख असेल, तरच ते भांडे भाजण्यास घ्यावे. ‘मायक्रोवेव्हसाठी योग्य’ एवढेच लिहिले असेल, तर ते पुरेसे नाही. मायक्रोवेव्हमध्ये मुख्यतः अन्न तापते, ओव्हनमध्ये भांडेही तापते. केवळ कंपनीच्या नावावरही विसंबू नये, कारण एकच कंपनी अनेक प्रकारची काच विकते. खात्री नसेल, तर ॲल्युमिनियमचा डबा किंवा स्टीलचे पातेले बरे.

योग्य भांड्यालाही मर्यादा असतात. फ्रिजमधून काढलेले भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये. बाहेर काढलेले गरम भांडे ग्रॅनाइटच्या किंवा कडप्प्याच्या ओल्या ओट्यावर न टेकवता कोरड्या जाड फडक्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवावे. त्यात गार पाणी ओतू नये. कडेला टवका उडालेले किंवा ओरखडे पडलेले भांडे आचेपासून दूर ठेवावे. भाजताना काच फुटलीच, तर वरवर तुकडे वेचून ते अन्न वाढू नये. सारेच टाकून द्यावे. तुकडे जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून वेगळे द्यावेत. ओला-सुका कचरा हातांनी निवडणाऱ्या कामगाराचे बोट आणि उकिरड्यावर तोंड घालणाऱ्या मुक्या जिवाचे तोंड, दोन्ही त्यामुळे वाचतात.

व्यापारी घरांसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक विचारते, “हे ओव्हनमध्ये चालेल ना?” गल्ल्यावरून सहज उत्तर जाते, “काच आहे, चालेल.” त्या दोन शब्दांवर विसंबून कोणाच्या तरी घरी मूल ओव्हनसमोर उभे असते. तळ उलटून वाचण्यास क्षणभर लागतो, आणि खूण नसेल तर “हे भाजण्यासाठी नाही” असे सांगण्यात फार तर एक विक्री जाते. पुढच्या खेपेस तेच गिऱ्हाईक विश्वासाने त्याच पायरीवर येते.