घरचा हिशोब : मोबाइलला डेटा लागतो तरी किती?

दूध किती घ्यावे, गहू किती दळावा, याचा अंदाज आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बांधला जात आला आहे. चार माणसांच्या घरी रोज सहा लिटर दूध कोणी आणीत नाही. परंतु त्याच घरातील चौघेजण चार मोबाइलांवर रोज प्रत्येकी 2 जीबी डेटा घेतात, आणि त्यातील किती वापरला, असे विचारल्यास एकालाही सांगता येत नाही. मोजमापाची सवय नाही, एवढेच त्याचे कारण.

हा विषय सदरासाठी घेण्याचा योग घरच्याच एका प्रसंगाने आला. माझे वडील ग्वाल्हेरला राहतात, मी नोकरीनिमित्त दिल्लीत असते. रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ते नातीचे तोंड पाहत. गेल्या हिवाळ्यापासून मात्र दोन मिनिटे झाली न झाली तोच म्हणू लागले, “पुरे आता. डेटा जातो.” पुढे पुढे तर फोन उचलणेच कमी झाले. त्यांची योजना रोज 1.5 जीबीची. दुपारी चार वाजताच अर्ध्याहून अधिक डेटा संपल्याचा संदेश येई, आणि नाना जी काटकसर करीत ती नातीच्या भेटीतून. आपले काही चुकले की काय, अशी शंका मला येऊन गेली, हे येथे कबूल करते.

सुटीत ग्वाल्हेरला गेले तेव्हा आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नानांचे सारे आयुष्य हिशोबनिसाच्या कामात गेले. त्यामुळे त्यांनी पहिला प्रश्न केला तो मापाचा.

माप असे आहे. फोनवर येणारी माहिती बाइट या एककात मोजतात. हजार बाइटांचा एक केबी, हजार केबींचा एक एमबी व हजार एमबींचा एक जीबी, असे स्थूलमानाने धरावे. (काटेकोर मोजणीत हजाराऐवजी 1024 घेतात, घरगुती हिशोबास त्याने बाध येत नाही.) वेग मात्र बिटांत सांगतात, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. पुष्कळांची गफलत होते ती येथेच. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने चित्रफीत चालली, तर सेकंदाला 125 केबी खर्च होतात. तासाचे 3,600 सेकंद, म्हणजे तासाला 450 एमबी. हा एक आकडा पाठ केला की बाकीचे गणित आपोआप सुटते.

यूट्यूबवर 480 रेषांची चित्रफीत सामान्यतः एक मेगाबिटाच्या आसपास असते. म्हणजे तासाला अर्धा जीबी धरावा. 720 रेषांना तासाला जीबीच्या थोडा वर, आणि 1080 रेषांना दोन जीबी किंवा अधिक. तळहाताएवढ्या पडद्यावर 480 आणि 1080 यांतील भेद ओळखण्यास फार तीक्ष्ण दृष्टी लागते. माझी तरी तितकी नाही. केवळ गाणे ऐकावयाचे तर 128 किलोबिटांच्या ध्वनीस तासाला 60 एमबीही लागत नाहीत. व्हॉट्सॲपवर नुसते बोलणे मिनिटाला सुमारे अर्धा एमबी, व समोरासमोर पाहून बोलणे मिनिटाला सुमारे 5 एमबी खाते. लिखित संदेश व यूपीआयचे पैसे पाठवणे यांचा खर्च इतका अल्प, की तो लिहून ठेवण्याचीही गरज नाही. आणि आपण नंबर फिरवून जो साधा फोन करतो, तो डेटात धरलाच जात नाही.

नातीशी वीस मिनिटे बोलले तर किती? 100 एमबी. दीड जीबीचा पंधरावा हिस्सा! नानांनी चष्मा काढून पुसला आणि आकडा पुन्हा एकदा तपासला.

मग बाकीचे जाते कोठे? याचे उत्तर फोनच्या पोटातच असते. सेटिंग्जमध्ये ‘डेटा वापर’ या नावाचे पान उघडले की कोणत्या ॲपने किती डेटा घेतला, याची उतरती यादी मिळते. नानांच्या यादीत सर्वांत वर होते यूट्यूब. दुपारी जेवणानंतर ते कीर्तन लावतात आणि पंधराव्या मिनिटाला त्यांचा डोळा लागतो. फोन मात्र जागाच असतो. एक कीर्तन संपले की दुसरे आपोआप सुरू होते, तेही 720 रेषांत, आणि पाहावयास कोणी नाही! दुसरा क्रमांक व्हॉट्सॲपचा. परंतु तो बोलण्यामुळे नव्हे. नातेवाइकांचे, जुन्या सहकाऱ्यांचे व सोसायटीचे मिळून नऊ गट, आणि त्यांवरील प्रत्येक सुप्रभात व चित्रफीत न विचारता फोनात उतरत होती.

उपाय करण्यास दहा मिनिटे लागली. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’खाली चित्रे व चित्रफिती आपोआप उतरवणे बंद केले. यूट्यूबचे ऑटोप्ले बंद केले व चित्राचा दर्जा खाली आणला. ॲपची नवी आवृत्ती केवळ वाय-फायवर घ्यावी, अशी व्यवस्था केली.

आता आपल्या घराचा हिशोब कसा मांडावा? आठवडाभर काहीही न बदलता रोज रात्री त्या पानावरील आकडा टिपून ठेवावा. घरी वाय-फाय असल्यास मोबाइल डेटाचाच आकडा घ्यावा. घरातला वापर तेथे गेलेला असतो. सात दिवसांची सरासरी काढून तीत चौथा हिस्सा मिळवावा, म्हणजे पाहुणा आला, प्रवास घडला तरी अडचण पडत नाही. ज्या घरी मूल फोनवरून तासिका ऐकते तेथे तासाला अर्धा ते एक जीबी वेगळा ठेवावा, आणि त्यात काटछाट करू नये. तासिका संपल्यानंतर फोन कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न निराळा.

रोजच्या योजनेत उरलेला डेटा मध्यरात्री बुडतो, हेही ध्यानात ठेवावे. ज्याचा वापर एके दिवशी तीन जीबी व दुसऱ्या दिवशी शून्य असा असतो, त्याला संपूर्ण मुदतीसाठी एकत्र डेटा देणारी योजना सोयीची. डेटा संपला तरी पुष्कळ योजनांत फोन अगदीच आंधळा होत नाही. वेग 64 किलोबिटांवर येतो, म्हणजे सेकंदाला 8 केबी. चित्रफीत चालत नाही, पण दोनशे केबींचे एक चित्र पंचवीस सेकंदांत येते. निरोप अडत नाही.

मुदतीचाही हिशोब करावा. 28 दिवसांची योजना मासिक वाटते, पण वर्षात ती तेरा वेळा भरावी लागते. 2022 साली ट्रायने प्रत्येक कंपनीस 30 दिवसांच्या मुदतीची योजनाही ठेवण्यास सांगितले. आणि 2024 च्या डिसेंबरात आणखी एक नियम झाला, तो वृद्धांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा : ज्यांना केवळ बोलणे व संदेश हवेत, त्यांच्यासाठी डेटाविरहित योजना देणे कंपन्यांना बंधनकारक केले गेले. दुकानदार ही योजना आपणहून सांगेलच असे नाही. नाव घेऊन मागावी. ज्या आजींचा फोन केवळ मुलांचा आवाज ऐकण्यासाठी आहे, त्यांच्या नावे रोज 2 जीबी भरण्यात कोणाचे हित आहे, हे मला तरी कळलेले नाही.

2016 च्या सप्टेंबरपूर्वी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये पडत आणि लोक तो जपून वापरीत. पुढे भाव कोसळला व मोजण्याची सवय गेली. आता दर पुन्हा वर चढत असताना ती सवय पुन्हा लावून घेणे भाग आहे.

नानांचा आठवड्याचा हिशोब पत्राने आला. तारीखवार, खाली दुहेरी रेघ मारून. रोजची सरासरी 610 एमबी. चौथा हिस्सा मिळवून 760. पुढील भरण्याच्या वेळी त्यांनी रोज 1 जीबीची योजना घेतली. परवा संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन केला. नातीने शाळेतल्या तीन गोष्टी सांगितल्या, मध्येच फोन उलटा धरला, आणि पस्तीस मिनिटे झाली तरी कोणी “पुरे” म्हटले नाही. 175 एमबी, असे शेवटी नानांनीच सांगितले.