लेकरू वाढतं, पण पाहतं कोण?

अंगणात मुरमुरे सांडले आणि लेकराने त्यातला एक अंगठा व बोटाच्या चिमटीत धरून उचलला. मायीला हे चार जणींना सांगावंसं वाटतं. ऐकणारे म्हणतात, मायीचं कौतुक! परिचारिका म्हणून माझं मत वेगळं आहे. ही चिमूट साधारण नवव्या महिन्यापासून वर्षापर्यंत साधते. म्हणजे मायीने सांगितलं ते कार्डावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

अशी तपासणी घरात रोजच होत असते. बाजेला धरून लेकरू उभं राहतं. दारात ऑटो वाजला की मान वळवतं. विहारात वंदनेला सगळ्यांचे हात जुळलेले पाहून आपलेही इवले हात जोडतं. त्याला दिसतं, समजतं आणि पाहिलेलं करता येतं, हे त्या एका क्षणात कळतं. दवाखान्याच्या रांगेत रडणाऱ्या लेकरात डॉक्टरांना पाच मिनिटांत हे सगळं कसं दिसणार?

म्हणून काही टप्पे घरात सर्वांना पाठ असावेत. दुसऱ्या महिन्याच्या आसपास माणसाकडे पाहून हसू, चौथ्यापर्यंत मान धरणं, नवव्यापर्यंत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षापर्यंत स्वतः चालणं, दोन वर्षांपर्यंत 'माय दे' असे दोन शब्द जोडणं. थोडं मागेपुढे होतं, शेजारच्या लेकराशी तुलना नको. पण मुदत टळली, हाकेला लेकरू वळेना, किंवा बोलत होतं ते बोलेनासं झालं, तर त्याच आठवड्यात दाखवा. 'याचा बापही उशिराच बोलला' या वाक्याआड बहिरेपण लपून राहतं आणि भाषा शिकण्याची मोलाची वर्षं निघून जातात.

गरोदरपणाची नोंद झाली की मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड आपल्याकडे राशन कार्डाच्या पिशवीत पडून असतं आणि लसीच्या दिवशीच बाहेर निघतं. त्यात हे टप्पे आहेत, वजनाचा तक्ताही आहे. तक्त्यातली रेष आडवी झाली किंवा खाली वळली, की अंगणवाडी ताईला विचारा. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. हे फक्त मेळघाटात असतं असं समजू नका. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांतही टेप लावून पाहा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. पथक कधी येणार ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला हजर ठेवा.

पण हे सगळं पाहायला घरी असतं कोण? दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापूस वेचणी सुरू होते. माय सकाळीच वावरात जाते आणि धाकटं लेकरू थोरल्या बहिणीच्या कडेवर येतं. त्याचं पहिलं पाऊल मायीआधी ती पोर पाहते आणि तिची शाळा बुडते. एकाची वाढ बघायला कोणी नाही म्हणून दुसरीची थांबते.

बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच लेकरांपैकी चार बालपणीच गेली. राजरत्न गेला १९२६ साली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असं मांडलं. मायीला लेकराजवळ राहायला मिळणारा वेळ ही देशाची जबाबदारी, हा त्याचा अर्थ. २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. रोजाने कापूस वेचणाऱ्या आणि घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातलं काय आलं?

अंगणवाडी चालते काही तास, वेचणी दिवसभर. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. आपल्या गावासाठी ते मागा. ग्रामसभेत ठराव घ्या, शहरात नगरसेवकाला निवेदन द्या. सेविका आणि मदतनीस यांना या वाढीव कामाचा मोबदला मिळावा, हेही त्यात लिहा. फुकटच्या कामावर दुसऱ्या बाईचं लेकरू वाढवणं न्यायाचं नाही.

आणि बापांनो, लेकराची नोंद ठेवणं हे बाईचं काम म्हणून सोडू नका. येत्या रविवारी वंदनेला येताना कार्ड तुम्ही घेऊन या. महिला मंडळाने अंगणवाडी ताईंना बोलवावं. प्रत्येक लेकराचा मागच्या महिन्यातला एक नवा पराक्रम विचारावा आणि तारखेसह कार्डावर लिहावा. ज्या घराला काहीच सांगता आलं नाही, त्याला दोष न देता त्याच्या सोबत दवाखान्यात जावं.

नमो बुद्धाय. जयभीम.