गोदामातला धूर आणि माझा एक शेरा

बँकेत तीस वर्षांहून अधिक काळ काढलेल्या माणसाच्या नाकात काही वास कायमचे बसतात. माझ्या नाकात गोदामाचा वास आहे. सूत, पुठ्ठा, ओला सिमेंट कोबा आणि या सगळ्यांवर पसरलेला डिझेलचा धूर. मालाच्या नजरगहाणावर कर्ज दिले की तो माल खरोखरच जागेवर आहे की नाही, हे दर महिन्याला जाऊन पाहावे लागते. तेव्हा स्टॉक स्टेटमेंटची घडी खिशात घालून मी भिवंडीच्या गोदामांतून पुष्कळ हिंडलो आहे. कादंबरीकाराला माणसे कुठे भेटतात, असे मला कधी कधी विचारतात. मला ती तिथे भेटली.

२००५ सालची गोष्ट. आमच्या एका सूत व्यापाऱ्याने बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टसाठी कर्जाचा अर्ज केला. त्याचे कारण सरळ व्यापारी होते. डिझेल यंत्राची काजळी पांढऱ्या सुताच्या खोक्यांवर बसते आणि गिऱ्हाईक माल परत पाठवते, असे तो म्हणाला. पर्यावरणाचा शब्दही त्याने काढला नव्हता. त्याच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणारे एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. मी मोजणी करत असताना ते यंत्र बंद करून बाजूला उभे राहत आणि खोकत. अर्ज मी वाचला आणि शेरा मारला : ‘वीजपुरवठा अनिश्चित. बॅटरीचे पुनर्विक्री मूल्य ठरवता येत नाही. शिफारस नाही.’

तो शेरा त्या दिवशी चुकीचा नव्हता. महाराष्ट्रात तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. शिशाच्या बॅटरीला आठ तास चार्जिंग, आठ तास काम आणि उरलेले आठ तास थंड होण्यासाठी, असे दिवसाचे तीन भाग पाडावे लागत. दोन पाळ्या चालवायच्या तर दुसरी बॅटरी हवी, आणि एकेका बॅटरीचे वजन टनाच्या घरात. शिवाय तिच्यात नियमाने डिस्टिल्ड वॉटर घालायचे, चार्जिंग करताना हायड्रोजन सुटतो म्हणून हवेशीर जागा राखायची. विजेचाच पत्ता नसेल तर हा सारा संसार चालायचा कसा? तरीही गेल्या काही वर्षांत तो शेरा मला वारंवार आठवतो. कारण त्यात यंत्र होते, वीज होती, तारण होते. चाचांचा खोकला मात्र कुठेच नव्हता. कर्जाच्या फॉर्मात त्याला रकानाच नसतो.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. २००७ च्या जानेवारीत भिवंडीचे वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने खाजगी कंपनीकडे गेले. देशातला तो पहिला मोठा प्रयोग होता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकातही गेली. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर म्हणून भिवंडीत गोदामे वाढली होती. जकात गेल्यावर ती ओस पडतील असा अनेकांचा होरा होता. झाले उलटेच. राज्याराज्यांत लहान लहान गोदामे ठेवण्याची करापुरती असलेली गरज संपली, आणि कंपन्यांनी मोठी, उंच, सलग गोदामे घ्यायला सुरुवात केली. गोदाम जितके उंच आणि मोठे, तितके फोर्कलिफ्टवाचून पान हलत नाही.

तिसरा बदल बॅटरीचा. आज या यंत्रांत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरीही येते. तिचा पाया घालणारा निबंध १९९७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. त्यावर जॉन गुडइनफ यांच्या जोडीला पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीवरील कामासाठी नोबेल मिळाले. या बॅटरीला पाणी घालावे लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ती अधूनमधून चार्ज करता येते. कामगार डबा खायला बसले की यंत्राचीही वायर जोडायची. दोघांचे जेवण एकाच वेळी.

इथे एक मौजेची गोष्ट सांगायला हवी. मोटारीत बॅटरीचे वजन हा दोष असतो, फोर्कलिफ्टमध्ये तोच गुण ठरतो. पुढच्या काट्यांवर दोन टन माल उचलायचा तर मागे तितकेच भारी काहीतरी हवे, नाहीतर यंत्र तोंडावर पडेल. लहान मुलांच्या सी-सॉचाच हा नियम. म्हणूनच विजेच्या मोटारी दुर्मिळ होत्या तेव्हाही बॅटरीची फोर्कलिफ्ट जगात सर्रास होती, आणि युरोपच्या गोदामांत ती केव्हाच रुळली. लिथियमची बॅटरी हलकी, तेव्हा तिच्या सोबत लोखंडाचे वजन मुद्दाम ठेवावे लागते. नवे यंत्र घडवणे म्हणजे इंजिन काढून बॅटरी बसवणे नव्हे. तोल, मोटार, उष्णता, पावसाळी आवारात पाणी लागू नये याची व्यवस्था, सारे नव्याने जुळवावे लागते. विक्रोळीच्या गोदरेजपासून पुण्यातल्या किऑनच्या कारखान्यापर्यंत आपल्याकडे ही यंत्रे होतात, ही समाधानाची बाब आहे.

आता धुराचा हिशेब. बँकेची सवय, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तीन टनी डिझेल यंत्र तासाला साधारण तीन लिटर पिते, आणि एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तासाला आठ किलो. तेच काम विजेवर करायला धोबळमानाने सात युनिटे लागतात. पण आपली वीज कुठून येते? देशातल्या दर दहा युनिटांपैकी सुमारे सात अजूनही कोळशातून येतात, आणि सरासरीने एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तासाला पाच किलो. आठाचे पाच झाले. शून्य झाले नाही. भिवंडीच्या गोदामातला धूर थांबतो, त्यातला काही भाग चंद्रपूरच्या चिमणीतून निघतो. चंद्रपूरकरांनी आपल्या वाट्याची काजळी भरपूर सोसली आहे. तेव्हा ‘प्रदूषणमुक्त’ अशी पाटी यंत्रावर लावताना त्यांची आठवण ठेवावी.

पण म्हणून फरक नाही असे म्हणणेही खोटे. एक तर आठाचे पाच ही बचत लहान नाही, आणि वीज जसजशी सूर्य-वाऱ्याची होईल तसतसे तेच यंत्र आपोआप अधिक स्वच्छ होते. डिझेल यंत्राला ती सोय नाही. दुसरे असे, की गोदामाला एकरभर पत्र्याचे छप्पर असते आणि दुपारी ते तापत पडलेले असते. त्यावर सौर पट्ट्या घातल्या आणि डब्याच्या सुट्टीत चार्जिंग केले, तर चंद्रपूरचा कोळसाही तितका वाचेल. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : चिमणी उंच असते, फोर्कलिफ्टचा धूर माणसाच्या नाकाशी सुटतो, तोही बंद जागेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा प्रश्न पाठीवरच्या ओझ्याचा होता. यंत्र आले, पाठीवरचे ओझे उतरले, रोजगारही काहींचा गेला. आणि जे यंत्रावर बसले त्यांच्या छातीत ते ओझे दुसऱ्या रूपाने गेले.

मग सगळेच विजेचे यंत्र का घेत नाहीत? पुन्हा हिशेब. दिवसाला पाच तास, वर्षाला तीनशे दिवस यंत्र चालले तर डिझेलचे साडेचार हजार लिटर होतात. लिटरला नव्वद रुपये धरले तर चार लाखांच्या वर. विजेचे साडेदहा हजार युनिट, दहा रुपयांच्या भावाने एक लाख. वर्षाला तीन लाख वाचतात. नव्या यंत्राची किंमत काही लाखांनी जास्त असली तरी ती फिटते. पण ज्या लहान गोदामात यंत्र दिवसाला दोनच तास चालते, तिथे बचत सव्वा लाखावर येते, आणि तो मालक स्वस्तातले जुने डिझेल यंत्रच उचलतो. मोठ्या कंपन्यांना परदेशी गिऱ्हाइकांना कार्बनचा हिशेब द्यावा लागतो, त्या विजेकडे वळतात. त्यांनी काढलेली यंत्रे लहान गोदामांत जाऊन पुढची दहा वर्षे धूर ओकतात. धूर संपला नाही, त्याने पत्ता बदलला.

इथे माझ्या जुन्या व्यवसायाचा संबंध येतो. रिक्षा, दुचाकी, बस, ट्रक यांच्यासाठी सरकारने २०१५ पासून विजेच्या वाहनांच्या योजना आणल्या. आवारातच राबणारी फोर्कलिफ्ट त्यांत दिसत नाही. बँकेलाही तिची भीती वाटते. जुन्या बॅटरीत किती जीव उरला आहे, हे कोण सांगणार? हे सांगणारी विश्वासाची तपासणी उभी राहिली, आणि कर्ज यंत्राच्या भंगार किमतीवर न देता दरमहा वाचणाऱ्या डिझेलच्या पैशांवर दिले, तर लहान मालकही दारात येईल. ज्याला विकत घेणे झेपत नाही त्याला भाड्याने मिळावे. बाद बॅटरी कोणी परत घ्यायची, याचे नियम २०२२ मध्ये झाले आहेत. ते पाळले गेले नाहीत तर शिशाच्या भट्ट्यांनी जे केले त्याचीच पुनरावृत्ती होईल. आणि बॅटरीचे सेल आपण अजून बव्हंशी चीनकडून घेतो, हेही विसरून चालणार नाही.

मध्यंतरी त्या व्यापाऱ्याच्या मुलाने गोदाम पाहायला बोलावले. आत शिरलो आणि क्षणभर काहीतरी चुकल्यासारखे वाटले. वास नव्हता. एक तरुण मुलगा विजेचे यंत्र चालवत होता, आवाज इतका कमी की त्याचे गुणगुणणे ऐकू येत होते. चाचांची चौकशी केली. ते कधीच गावी निघून गेले, पुढे काय झाले ते कोणाला सांगता आले नाही. कर्ज कुठून घेतले, असे मी मुलाला विचारले. तो हसून म्हणाला, “काका, तुमच्या बँकेनं पुन्हा नाहीच म्हटलं. घरच्या पैशांनी घेतलं.”

घरचे पैसे ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या गोदामात आजही कोणी तरी यंत्र बंद करून, बाजूला उभा राहून खोकत असेल. तिथल्या अर्जावर शेरा मारायला बसलेल्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते : लेखणी उचलण्यापूर्वी एकदा गोदामात जाऊन श्वास घेऊन या.