दूर न जाणारे फूल, जवळच्या शेतकऱ्याचा धंदा

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर नागरा गाव लागते. प्राचीन शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा यांमुळे गावाचे नाव पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. मात्र गावाचे पोट चालते ते धानावर. रोवणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही आणि धान निघाले की त्याच मजुराला काम मिळत नाही, हा या भागाचा जुना अनुभव आहे. ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे तो उन्हाळी धान लावतो. बाकीचे लाखोळी आणि जवसावर समाधान मानतात. तरुण मुले नागपूर, हैदराबादची गाडी पकडतात आणि घरच्या बायका पुढच्या रोवणीची वाट पाहतात.

अशा गावाला जोडधंदा हवा, हे सगळेच सांगतात. परंतु तो कोणता, हे सांगताना बहुतेकांची नजर मोठ्या भांडवलाकडे जाते. फुलांचा धंदा म्हटला की पॉलिहाऊस, जरबेरा, डच गुलाब आणि बँकेचे कर्ज डोळ्यांसमोर येते. आमचे मत वेगळे आहे. नागऱ्यासारख्या, शहराच्या वेशीवरच्या गावात घराजवळच्या वाडीत, बियाण्यापासून कॉसमॉसची फुले घ्यावीत, ती दांड्यासह कापून त्याच दिवशी गोंदियात विकावीत आणि हे काम कर्ज न काढता करावे, असे आम्ही सुचवतो.

हे फूल कोणते?

कॉसमॉस मूळचे मेक्सिकोचे. तिकडून आलेल्या बियाण्यांची झाडे स्पेनमध्ये माद्रिदच्या बागेत वाढली आणि कावानिल्येस या वनस्पतितज्ज्ञाने 1791 मध्ये त्यांना हे नाव दिले. कॉसमॉस या ग्रीक शब्दाचा अर्थ सुव्यवस्था. आपल्याकडे त्याचे दोन प्रकार दिसतात. गुलाबी, पांढऱ्या व जांभळट रंगाचा, बडीशेपेसारख्या बारीक पानांचा तो कॉसमॉस बायपिनाटस. पिवळ्या-नारिंगी रंगाचा, जरा रुंद पानांचा तो कॉसमॉस सल्फ्युरियस. कापून विकण्यासाठी पहिला प्रकार घ्यावा. त्यातील ‘सेन्सेशन’ ही जुनी जात 1936 मध्ये अमेरिकेतील बियाणे-चाचण्यांत विजेती ठरली होती आणि आजही ती सहज मिळते. दुसऱ्या प्रकाराविषयी आम्हाला एक इशारा द्यायचा आहे, तो पुढे येईल.

या फुलाचा मोठा दोष आधीच सांगितला पाहिजे. ते फुलदाणीत जेमतेम चार ते सहा दिवस टिकते. पाकळ्या नाजूक, दांडा बारीक. पेटीत घालून रेल्वेने पाठवले तर पोचेपर्यंत त्याची रया जाते. हारासाठी ते कामाचे नाही; तेथे झेंडू आणि शेवंतीच हवी. सेहरा गुंफणाराही त्याला हात लावणार नाही. मग ते लावावे कशासाठी?

याच दोषात लहान माणसाचा फायदा आहे. जे फूल लांबून येऊ शकते, त्यात नागऱ्याचा शेतकरी पुणे-तळेगावच्या पॉलिहाऊसवाल्याशी स्पर्धा करू शकत नाही. तो मोठ्या प्रमाणावर पिकवतो, शीतगृहात ठेवतो आणि नागपूरच्या फूलबाजारामार्फत गोंदियापर्यंत माल पोचवतो. पण कॉसमॉस लांबून कोणी आणणारच नाही. सकाळी सहाला कापलेले फूल आठ वाजता दुकानात पोचवणे फक्त शेजारच्या गावालाच जमेल. परदेशातही लहान फूलउत्पादकांनी हेच केले आहे. अमेरिकेत अशा उत्पादकांची संघटना 1988 मध्ये स्थापन झाली. ब्रिटनमध्ये ‘फ्लॉवर्स फ्रॉम द फार्म’ ही संघटना 2011 मध्ये उभी राहिली. विमानाने येणाऱ्या गुलाब-कार्नेशनशी भाव लावून लढण्याऐवजी, जी फुले विमानातून येऊ शकत नाहीत ती पिकवायची, हा त्यांच्या धंद्याचा पाया आहे.

पाकिटावरचे वेळापत्रक आपले नव्हे

बियाण्याच्या विदेशी पाकिटांवर आणि इंग्रजी पुस्तकांत मार्च-एप्रिलमध्ये पेरा असे लिहिलेले असते. ते थंड मुलखासाठी आहे. आपल्याकडे त्या वेळी पेरले तर रोप फुलावर येताना मे महिन्याचे ऊन त्याला जाळून टाकील. भर पावसाळ्यातही पेरू नये. कॉसमॉसला साचलेले पाणी सोसत नाही, त्यामुळे धानाच्या बांधीत त्याला जागा नाही. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावे. एकदम पेरले की फुले एकदम येतात आणि फेकावी लागतात. टप्प्याने पेरले की दुकानदाराला दोन-अडीच महिने माल देता येतो. नोव्हेंबरच्या मध्यात पेरलेला वाफा 26 जानेवारीच्या सुमारास भरात असतो. शाळांची स्नेहसंमेलने, सत्कार आणि लग्नसराई हे सगळे याच काळात येते.

कॉसमॉस हे लहान दिवसांत लवकर फुलणारे झाड आहे. त्यामुळे आपल्याकडे हिवाळ्यात ते पेरल्यापासून साधारण 50 ते 70 दिवसांत फुलावर येते, परंतु युरोपातल्याइतके उंच होत नाही. दांडा आखूड राहिला तर फुलवाला घेत नाही. यावर उपाय दोन. रोप नऊ इंच ते एक फूट झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. आणि फूल कापताना वरून न कापता खाली, पानांच्या जोडीच्या अगदी वर कापावे. तेथून नवे लांब दांडे निघतात.

बाकी मशागत सोपी आहे. निचऱ्याची, पूर्ण उन्हाची जागा हवी. कन्हारीसारख्या भारी जमिनीपेक्षा खरडी, बरडीसारखी हलकी जमीन बरी. वाफा चार बोटे उंच करावा. बी पाव इंचापेक्षा खोल घालू नये. ते आठ-दहा दिवसांत उगवते. दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. शेणखत बेताचे घालावे आणि युरिया तर नकोच. नत्र जास्त झाले की पाने माजतात, दांडे लुळे पडतात आणि फूल लांबते. वाऱ्याने झाड लोळू नये म्हणून वाफ्याच्या चार कोपऱ्यांना बांबू रोवून सुतळी ओढावी. मावा आणि भुरी यांवर लक्ष ठेवावे.

कापणीची वेळ हीच कमाईची वेळ होय. कळीच्या पाकळ्या नुकत्याच सुटू लागल्या, पण फूल अजून सपाट उघडले नाही, अशा वेळी पहाटे कापावे. मधमाशी बसून गेलेले पूर्ण उघडे फूल दोन दिवसांत पाकळ्या गाळते. कापताच स्वच्छ बादलीतल्या पाण्यात, सावलीत ठेवावे. घाणेरड्या बादलीने जितका माल खराब होतो तितका किडीनेही होत नाही.

हिशेब मांडून पाहावा

एका गुंठ्यात म्हणजे 33 फूट लांब-रुंद जागेत चार फूट रुंद आणि तीस फूट लांब असे सहा वाफे, मधल्या वाटांसह बसतात. प्रत्येक वाफ्यात चार ओळी, ओळीत तीस रोपे, म्हणजे एकूण 720 रोपे. न उगवणारे व मरणारे धरून हजार बिया पुरतात. वजनाने ते सहा-सात ग्रॅमच्या आसपास होते. समजा एका रोपाने विकण्याजोगे दहा दांडे दिले, तर 7,200 दांडे, म्हणजे दहा-दहाच्या 720 जुड्या. त्यातली निम्मीच विकली गेली असे धरावे, म्हणजे 360 जुड्या. जुडीला 15 रुपये कल्पिले तर 5,400 रुपये होतात. हा बाजारभाव नव्हे, हिशेबाची पद्धत आहे. प्रत्येकाने स्वतः गोंदियातील फूलवाल्यांकडे, पुष्पगुच्छ बांधणाऱ्यांकडे, मंडप-सजावटवाल्यांकडे आणि हॉटेलांत जाऊन विचारावे आणि आपला आकडा त्यात घालावा.

या रकमेने कोणी श्रीमंत होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ती धान निघाल्यानंतरच्या रिकाम्या महिन्यांतली आहे, घरच्या बाईच्या हाताची आहे आणि तिच्यामागे कोणाचे देणे नाही. बियाणे, सुतळी, दोन बादल्या आणि सकाळचा एक तास, एवढेच भांडवल. पहिल्या वर्षी तर पाव गुंठ्यावरच भागवावे. विक्री जमली तर पुढच्या वर्षी वाढवावे. नाही जमली तर गेले ते फार थोडे.

येथे एक धोका सांगणे आमचे कर्तव्य आहे. ‘रोपे आमच्याकडून घ्या, माल आम्ही परत विकत घेऊ’ अशी लेखी-तोंडी हमी देणारे लोक गावोगाव फिरतात. कधी ते औषधी वनस्पती आणतात, कधी पक्षी, कधी फुले. रोपांचे पैसे आधी घेतले जातात आणि माल तयार झाला की फोन बंद होतो. कॉसमॉसमध्ये तर अशा हमीला काही अर्थच नाही. जे फूल दुसऱ्या दिवसापर्यंत शिळे होते ते दूरची कंपनी परत घेणार तरी कशी? ज्या मालाचा ग्राहक आपण डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यात घरचा पैसा घालू नये, हा तिजारतीतला पहिला नियम आहे.

कापा, पण बी सांडू देऊ नका

आता नारिंगी कॉसमॉसविषयी. पुणे-सातारा भागात टेकड्यांवर आणि महामार्गांच्या कडेला हे फूल हौसेने आले आणि आता आवरेनासे झाले आहे. पावसाळा सरता सरता डोंगर केशरी दिसतात, लोक थांबून फोटो काढतात. पण त्याच्या दाट वाढीखाली तिथले गवत आणि रानफुले दबून जातात. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. निसर्गप्रेमी मंडळींना ते उपटण्याच्या मोहिमा काढाव्या लागल्या आहेत. एक झाड भरपूर बी सांडते आणि पुढच्या पावसात ते सगळे उगवते.

आपल्या भागात धुऱ्यावरचे गवत म्हणजे जनावरांचा चारा. धानाच्या बांध्या आणि तलावांचे काठ हा सारस पक्ष्याचा आसरा आहे, आणि महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. शोभेसाठी म्हणून नारिंगी कॉसमॉसचे बी धुऱ्यावर, तलावाच्या पाळीवर किंवा रस्त्याच्या कडेला कोणीही फेकू नये. गुलाबी प्रकारही वाडीच्या कुंपणाबाहेर जाऊ देऊ नये. पुढच्या वर्षासाठी बी धरायचे तर चार-सहा झाडे राखावीत. मधमाश्यांमुळे रंगांची सरमिसळ होते, म्हणून हवा तो रंग वेगळा लावावा. बाकी झाडे फुले सरताच उपटून खतात घालावीत.

धंद्याचे गणितही हेच सांगते. झाडावर सुकू दिलेले फूल बी धरते आणि झाड नवी फुले देणे कमी करते; वेळेवर कापलेले फूल पैसा देते आणि झाडाला पुन्हा फुलायला लावते. जो रोज कापतो त्याचे उत्पन्न वाढते आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यालाही त्याचा उपद्रव होत नाही. ज्यांना रोज सकाळी वाडीत उतरणे जमणार नाही, त्यांनी या कामात पडू नये.

नागऱ्यातील, आणि गोंदियाच्या भोवतालच्या कोणत्याही गावातील, ज्या घरी थोडी मोकळी वाडी व विहिरीचे पाणी आहे त्यांनी दसऱ्याच्या आधीच गोंदियातील पाच-दहा दुकाने फिरून घ्यावीत. कोणता रंग चालतो, दांडा किती लांब लागतो, आठवड्यात किती जुड्या खपतील, हे वहीत टिपून घ्यावे. बियाण्याचे पाकीट त्यानंतर फोडावे.